बीरगंज, तालुका लोहारा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. म्हणाले, "सुधाकरराव, यंदाच्या दिवाळी अंकासाठी तुमचा तो बीरगंजचा किस्सा पाहिजे. आमच्या व्याह्यांकडं तुम्ही सांगितला होतात, माणसं हसून हसून लोळली. तसाच्या तसा लिहून द्या."

हो म्हणालो. अर्धी दाढी तशीच ठेवून बराच वेळ आरशात बघत बसलो. आता लिहायला घेतलंय, पण तसाच्या तसा लिहिणार नाही. कारण तो किस्सा मी तसाच्या तसा आजवर कधी कुणाला सांगितलेलाच नाही.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. मी लोहाऱ्याचा. पहिल्यांदा काळी-पिवळी जीप चालवायचो, पुढं यात्रा कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, भाड्याची एक बस, एक आचारी, टपावर भांडी आणि सरपण, आणि पिवळ्या कागदावर छापलेलं एक पत्रक. काशी, अयोध्या आणि नेपाळ. लोहारा, अणदूर, ढोकी इकडची माणसं गोळा करायची आणि एकवीस दिवसांत सुखरूप घरी आणून सोडायची. आमच्या धंद्यात माणसाला 'सीट' म्हणतात. "यंदा किती सीट?" असं विचारतात. मीही आयुष्यभर तसंच म्हणत आलो, आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही.

सीटांचे नमुने सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. अणदूरच्या एक आजी होत्या, त्यांच्या कनवटीला खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी असायची. घाट लागला की ड्रायव्हरच्या कपाळाला भंडारा, पूल लागला की भंडारा. नेपाळच्या हद्दीवर गाडीचे कागद बघणाऱ्या पोलिसाच्या कपाळालाही त्यांनी तो फासला. तो आधी चमकला, मग हसला आणि आमची गाडी सगळ्यांच्या आधी सोडली. ढोकीचे एक बागायतदार होते. काशीत त्यांनी गंगेकडं नीट बघितलं नाही, पण नेपाळच्या तराईत ऊस दिसला तशी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून मालकाला विचारून एक कांडं मोडलं, चघळलं आणि म्हणाले, "साखरंची रिकवरी बसायची न्हाय ह्याला." मग पुढं काठमांडूपर्यंत झोपले. आणि एकजात सगळ्यांना तिसऱ्या दिवसापासून पुरी नको, भाकरी पाहिजे. म्हणून मी ज्वारीच्या पिठाची पोती घरूनच न्यायचो.

नेपाळच्या तराईत एक मोठं जंगल आहे, राष्ट्रीय उद्यान. एकशिंगी गेंडा तिथं दिसतो. देवदर्शनाच्या वाटेवर पडतं म्हणून मी ते पत्रकात घातलं, आणि त्या एका ओळीवर मला निम्मी सीटं मिळायची. अशा ठिकाणी परदेशात गेल्यावर प्रवेशाचं तिकीट हा मोठा खर्च असतो. लांबच्या परदेशी माणसाला एक दर, शेजारच्या देशातल्या माणसाला त्याहून कमी, आणि तिथल्या रहिवाशाला अगदी चहापाण्याइतका. पुष्कळ यात्रावाल्यांना हे ठाऊक नसतं. मी सरळमार्गी पैसे कसे वाचवायचे ते शिकलो होतो. प्रत्येकाचं मतदार ओळखपत्र बरोबर घ्यायला लावायचं, म्हणजे शेजाऱ्याचा दर मिळतो. तिकीट हॉटेलवाल्याकडून नाही, खिडकीवर स्वतः जाऊन काढायचं. शनिवारी जायचं नाही, तिकडं त्या दिवशी सुट्टी असते आणि गर्दीत गाडीचं भाडं चढतं. तिकीट त्या दिवसापुरतं असतं, म्हणून उन्हं कलल्यावर काढून ते वाया घालवायचं नाही. आणि गवत कापून झाल्यावर, थंडी सरता सरता जायचं. नाहीतर पैसे भरून गवत बघून परत यावं लागतं.

हे सगळं ठीक होतं. ह्याचा मला अभिमानही होता. फाटकावरचा माझा हिशेब चुकत नाही असं लोक म्हणायचे. पण माणसाला एकदा फाटकावर जिंकायची सवय लागली की ती सुटत नाही.

आता गुरुजी. विश्वनाथ गुरुजी मला चौथीला होते. नवीनच नोकरीला लागले होते तेव्हा, पांढरी टोपी, पांढरा सदरा. वर्गात प्राण्यांचा एक तक्ता होता. त्यात गेंड्याचं चित्र होतं, खांद्यापाशी आणि मांडीपाशी कातड्याला रेघा, जणू तुकडे कापून जोडलेत. मी विचारलं होतं, "गुरुजी, त्येचं कातडं शिवलेलं असतं का?" दुसरा कुणी मास्तर असता तर कान पिळला असता, नाहीतर काहीतरी ठोकून दिलं असतं. गुरुजी म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी बघितलेला नाही. बघितला की सांगीन." छत्तीस वर्षं त्यांनी तो तक्ता पोरांना दाखवला, आणि ज्या पोरानं विचारलं त्याला हेच उत्तर दिलं.

तीनेक वर्षांपूर्वी गुरुजी आणि काकू माझ्याकडं नाव नोंदवायला आले. गुरुजी बाहेर पत्रक वाचत उभे होते, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, शेवटच्या ओळीपर्यंत. काकू आत येऊन हळूच म्हणाल्या, "सुधाकर, त्येंच्या डोळ्यांत काचबिंदू हाय. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, जे बघायचं ते वरीसभरात बघून घ्या. मी इचारलं, काय बघायचंय? काशी म्हणतील असं वाटलं मला. तर म्हणले, गेंडा."

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढं जे घडलं ते न कळून घडलं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या खेपेला बावीस सीटं होती. जंगलाच्या गावात पोचलो. संध्याकाळी हॉटेलवाला गप्पा मारताना सहज बोलून गेला, की तुमची माणसं दिसायला अगदी आमच्या मधेसी, म्हणजे इथल्या तराईतल्या लोकांसारखी आहेत. रंग तोच, साड्या तशाच, बोलणंही हिंदीसारखं. तो बिचारा कौतुकानं बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र लगेच चक्र फिरलं. बावीस माणसं आणि रहिवाशाचा दर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना हॉटेलच्या अंगणात उभं केलं आणि सांगितलं, "आपण आजच्या दिवसापुरतं बीरगंजचे. बीरगंज म्हणजे इथलंच एक गाव. कुणी इचारलं तर बीरगंज म्हणायचं, दुसरा शब्द काढायचा न्हाय. मराठी तर बिलकूल न्हाय. बाया डोक्यावरनं पदर घेतील. बाप्यांनी टोप्या काढायच्या."

नऊवारीवाल्या तिघी होत्या, त्यांचा काष्टा लपवायला शाली गुंडाळल्या. उसाच्या एका बागायतदारानं फेटा सोडून पिशवीत कोंबला आणि "आता मी नेपाळचा राजा" म्हणाला. सगळ्यांना गंमत वाटत होती. शाळेच्या गॅदरिंगला वेश चढवावा तसा उत्साह होता. गुरुजी तेवढे तसेच उभे होते.

"गुरुजी, टोपी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना चौथीपासून ओळखतो, पण त्यांचं उघडं डोकं मी कधी बघितलेलं नव्हतं. म्हणाले, "सुधाकर, ह्यात कुणाचं नुकसान होत नाही ना?"

"न्हाय गुरुजी. आपल्या सगळ्यांची बचत हाय."

त्यांनी टोपी काढली, नीट घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. डोक्यावर टोपीची पांढरी कड उमटलेली होती. काकूंनी तोंड फिरवलं.

आता इथं एक गोष्ट सांगायची आहे, जी किस्सा सांगताना मी दरवेळी गाळायचो. माझ्या पत्रकात शेवटची ओळ होती, 'सर्व प्रवेश शुल्कासहित'. म्हणजे शेजाऱ्याच्या दरानं सगळ्यांच्या तिकिटाचे पैसे मी लोहाऱ्यातच घेऊन ठेवलेले होते. त्यातले जे वाचणार होते ते सगळ्यांचे नव्हते. ते माझ्या खिशात जाणार होते.

खिडकीवर गर्दी होती. मी चांगल्या हिंदीत बीरगंजच्या बावीस माणसांची तिकिटं मागितली आणि ती मिळाली. नदी डोंग्यातून ओलांडली. पलीकडं जीपगाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या आधी एक चौकी. चौकीवरचा अधिकारी तिकिटं बघत बघत ओळीनं येत होता. मधेच थांबला, तो नेमका गुरुजींपुढं. वय बघून थांबला असावा. हात जोडून अदबीनं म्हणाला, "बाबा, घर कहाँ पड़ता है?"

गुरुजी ताठ उभे राहिले. शाळेत तपासणीला साहेब आले की ते असेच उभे राहायचे. आणि मोठ्यानं म्हणाले, "बीरगंज."

मी श्वास सोडला. झालं होतं काम. पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं शाळेचे दाखले भरले, प्रत्येक पोराचं गाव लिहून पुढं तालुका आणि जिल्हा लिहिला, त्याच्या तोंडाला गाव म्हटल्यावर थांबता येत नाही. त्याच दमात ते पुढं म्हणाले, "तालुका लोहारा, जिल्हा उस्मानाबाद." मग क्षणभर थांबले, चूक झाली असं वाटून मान हलवली आणि दुरुस्ती केली, "नव्हं, धाराशिव."

मागं फेटा सोडलेला बागायतदार फिस्सकन हसला.

इथपर्यंत मी किस्सा सांगायचो. इथं लोक लोळायचे, आणि मी सुपारी तोंडात टाकायचो. खरं म्हणजे इथून पुढं तो सुरू होतो.

अधिकाऱ्यानं ओळखपत्र मागितलं. गुरुजींनी लगेच दिलं. त्यानं ते वाचलं, बाकीच्यांकडं बघितलं, शाली बघितल्या. आवाज बदलला. "झूठ बोलने को किसने कहा?"

मी चार पावलांवर उभा होतो. मला आजही ती चार पावलं मोजून दाखवता येतील. आत म्हणत होतो, बोल, बोल. बावीस माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मी खाली नदीच्या वाळूकडं बघत होतो.

"मैंच बोला," गुरुजी म्हणाले. आपल्याकडची हिंदी ती. "सब में बडा मैं हूँ. मैंनेच सबको सिखाया."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "आप टीम के मालिक हैं? यही बात है?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तोंडानं तेवढंही बोललो नाही.

फरकाचे पैसे आणि वर दंड भरायचा ठरला, आणि ज्यानं चूक केली त्यानं लिहून द्यायचं. गुरुजींनी कागद मागितला. लिहायच्या आधी खिशातून टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली. कागद डोळ्यांशी नेऊन त्यांनी लिहिलं, मराठीतच. तिकडची लिपी आपलीच, बाळबोध. त्यामुळं अधिकाऱ्याला ते वाचता येत होतं. तो वाचू लागला, "मी, विश्वनाथ... सेवानिवृत्त मुख्याध्यापक..." आणि थांबला.

"मास्टरसाहब हैं आप?"

"था," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर त्या माणसानं गुरुजींकडं वर तोंड करून बघितलं नाही. आतून खुर्ची मागवली, त्यांना बसवलं, कागद घडी घालून फायलीत ठेवला. त्याचीही मान खाली आणि गुरुजींचीही. ज्याची जायला पाहिजे होती तो मी पैसे मोजत उभा होतो.

ह्या सगळ्यात शेवटची गाडी आत जायची वेळ टळली. अधिकारी म्हणाला, उद्या सकाळी योग्य तिकिटं काढून या, मी स्वतः सोडतो. पण उद्या पहाटे काठमांडूला निघायचं होतं, तिथली धर्मशाळा ठरलेली होती. अर्धा दिवस थांबलं असतं तर एक मुक्काम वाढला असता, आणि माझे पैसे दंडात आधीच गेले होते. मी म्हणालो, "जमायचं न्हाय." काकू माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. गुरुजीच म्हणाले, "असू दे गं. एकट्यासाठी सगळ्यांना कशाला खोळंबून ठेवायचं."

कधीमधी गेंडा नदीवर पाण्याला येतो, असं हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी गुरुजी अंधार पडेपर्यंत नदीकाठी बसले. काही आलं नाही. आलं असतं तरी एवढ्या लांबचं त्यांना दिसलं असतं की नाही, कोण जाणे.

पुढचे नऊ दिवस गाडीत गुरुजींची थट्टा चालली. "गुरुजींनी तोंड उघडलं आन् आमचा गेंडा गेला." पाणी द्यायचं झालं तरी, "घ्या बीरगंजकर." त्यातल्या निम्म्यांनी गुरुजींकडून अक्षर गिरवलेलं होतं. मी पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो आणि एका वळणावर चक्क मीही हसलो. कारण ती थट्टा माझ्यावर नव्हती.

गावी आल्यावर तर मी त्याचा किस्साच केला. पुढच्या सीझनची बुकिंग घेताना, लग्नात, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात. नेपाळ म्हटलं की लोक म्हणायचे, "सुधाकर, ते बीरगंज सांग की." आणि मी गुरुजींचा आवाज काढून सांगायचो. टोपी काढायची नक्कलसुद्धा करायचो. बोलता बोलता मलाही वाटायला लागलं होतं, की चूक त्यांचीच झाली.

गेल्या वर्षी लोहाऱ्यातच एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पाव्हण्यांनी आग्रह केला. मी रंगात आलो, "...तालुका लोहारा, जिल्हा उस्मानाबाद," म्हणून नेमका दम घेतला. हा दम मी नेहमी घ्यायचो, हशा पिकायला. तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या पंगतीतून एक म्हातारा आवाज शांतपणे म्हणाला, "नव्हं, धाराशिव."

सगळी पंगत फुटली. एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता. मी वळून बघितलं. गुरुजी बसले होते, टोपी घालून. त्यांचा हात पत्रावळीच्या कडेनं पाण्याचा पेला चाचपत होता, आणि पेला वीतभर लांब होता. काकूंनी तो त्यांच्या हातात दिला.

तीन दिवस घरातून बाहेर पडलो नाही. चौथ्या दिवशी गुरुजींच्या घरी गेलो. ते पडवीत बाजेवर बसले होते. पाया पडलो तर पायांवरच्या हातावरून ओळखलं आणि म्हणाले, "सुधाकर का?"

मी म्हणालो, "गुरुजी, चुकलो."

"कधी? नदीवर, का पंगतीत?"

मग मी ती पत्रकाची गोष्ट सांगायला लागलो, की ती बचत सगळ्यांची नव्हती. त्यांनी मधेच थांबवलं. "सर्व प्रवेश शुल्कासहित. मी वाचलं होतं पत्रक. तुझ्या दारातच वाचलं."

"म्हणजे तुमाला ठाऊक होतं? मग टोपी का काढली गुरुजी? आन् माझं नाव का न्हाय घेतलं?"

"टोपी काढली, ती माझी चूक. गेंडा बघायची हाव होती मला, दुसरं काय. तेवढा काही मी सोवळा नाही." मग म्हणाले, "आणि तुझं नाव घेतलं असतं, तर त्या माणसांनी पुढचे नऊ दिवस परमुलखात कुणाच्या भरवशावर फिरायचं? जेवण तुझ्या हातात, गाडी तुझ्या हातात. मी काय, म्हातारा माणूस. वाटलं, म्हाताऱ्याची चूक लोक महिन्या-दोन महिन्यांत विसरतील." ते जरा हसले. "तू काही विसरू दिली नाहीस बाबा."

आतून काकूंचा भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

निघताना गुरुजी म्हणाले, "आलाच आहेस तर एक सांग. तू तर किती वेळा गेलास तिथं. कसा असतो रे तो? कातडं शिवल्यासारखं असतं का?"

सतरा वेळा गेलो होतो मी त्या फाटकावर. एक ती खेप सोडली तर दरवेळी सीटं आत सोडून बाहेर टपरीवर चहा पीत बसलो. स्वतःचं तिकीट वाचवायला. मी गेंडा बघितलेलाच नव्हता.

"मला ठाऊक न्हाय गुरुजी," मी म्हणालो. "बघितला की सांगतो."

ह्या वर्षी थंडी सरता सरता मी एकटाच गेलो, रेल्वेनं गोरखपूर आणि तिथून पुढं बस. रांगेत उभा राहिलो, ओळखपत्र काचेतून आत दिलं, आपल्याला लागू असलेल्या दरानं तिकीट काढलं. सरळ आणि सोपं होतं. बीरगंज म्हणायला जेवढी छाती धडधडली होती, त्याच्या पावपटही धडधडली नाही.

आधी चौकीवर गेलो. तो अधिकारी बदलून गेला होता. नव्याला सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी इथं एक माफीनामा लिहून दिलाय, त्याच्यावरचं नाव चुकलंय, मला दुसरा लिहून द्यायचाय. तो माणूस चांगला होता, पण त्याला काही उमगेना. एवढे जुने कागद कुठल्या गठ्ठ्यात असतील सांगता येत नाही, म्हणाला. दंड भरलाय ना, मग झालं, जा, गेंडा बघा. माझ्यासाठी कुणी खुर्ची मागवली नाही, आणि तेच बरोबर होतं.

गेंडा दिसला. नदीच्या एका फाट्यात पोटापर्यंत बुडून उभा होता. जीप थांबली आणि मी जन्मात कुठली वस्तू बघितली नाही एवढी ती बघितली. बरोबरचे लोक फोटो काढत होते. मी तोंडातल्या तोंडात पाठ करत होतो.

परत आलो तो तसाच गुरुजींच्या पडवीत गेलो आणि उभं राहून सांगितलं. "गुरुजी, शिवलेलं न्हाय. घड्या हायेत. जाड सतरंजी दुमडावी तशा. आन् घडीच्या आत कातडं गुलाबी असतं, भाईरून राखाडी. खांद्यावर आन् मांडीवर गाठी गाठी, चामखिळीसारख्या. कान दोन्ही येगयेगळ्या बाजूला फिरतात. पाठीवर साळुंक्या बसल्या होत्या, त्येला काय त्येचं न्हाय."

"शिंग?"

"एकच. फार मोठं न्हाय. टोकाला घासलेलं."

"आवाज?"

"फुरफुरला एकदा. पाणी हाललं."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांचे डोळे आता माझ्या आवाजाच्या अंगाला नुसते वळतात. "आत गुलाबी," ते स्वतःशीच म्हणाले. "हे तक्त्यात नव्हतं." तिकीट मागून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवत राहिले.

मग मी कागदाचं सांगितलं. सापडला नाही, तुमचंच नाव राहिलं तिथं.

"असू दे," ते म्हणाले. मग लाजल्यासारखे विचारते झाले, "अक्षर बरं आलं होतं का रे त्या दिवशी? मला ओळ दिसत नव्हती लिहिताना."

मी म्हणालो, बरं आलं होतं. खरं म्हणजे ते मी बघितलंच नव्हतं. एवढं एक खोटं त्यानंतरही त्यांच्याशी बोललो, ते इथं कबूल करून टाकतो.

तर संपादकसाहेब, तुम्ही मागितला होता तो किस्सा हा. तिथल्या फायलीतला कागद बदलता आला नाही, म्हणून हा इथं लिहून देतो.

मी, सुधाकर भीमराव, वय एकसष्ट, धंदा यात्रा कंपनी, मुक्काम पोस्ट तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, लिहून देतो की त्या दिवशी बावीस माणसांना खोटं बोलायला मी सांगितलं. माझ्या फायद्यासाठी सांगितलं. विश्वनाथ गुरुजींनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. नंतर दोन वर्षं त्यांच्यावर लोकांना हसवलं, तेही मीच.

अंक छापून आला की एक प्रत घेऊन गुरुजींच्या पडवीत जाईन. त्यांना वाचता येणार नाही, मलाच वाचून दाखवावा लागेल. उभा राहून वाचीन, आणि काकूंनाही बाहेर बोलावीन.